लिलावात आलेली 'कैद्याची बेडी': खरी की बनावट? (फोटोंसह)

खटका | सोमवार, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी,

जुनी कुलपं जमवायला लागून सात वर्षं झाली. आकडा सध्या ४१ वर आहे, त्यातली किल्लीसकट असलेली जेमतेम १७. बेड्यांच्या वाटेला मात्र कधी गेलो नव्हतो. गेल्या महिन्यात ऑनलाइन लिलावात चार कुलपांचा गठ्ठा घेतला, त्याच्यासोबत ही बेडी आली. वर्णनात लिहिलं होतं: 'कैद्याच्या पायातील बेडी, १८ वे शतक, अतिदुर्मीळ'. अतिदुर्मीळ वस्तू चार कुलपांवर फुकट कशी काय देतात, हा प्रश्न मला पैसे भरून झाल्यावर पडला.

वस्तू अशी आहे. दोन लोखंडी कडी, प्रत्येक कडं दोन अर्ध्या कमानींचं, मागे बिजागरीसारखा सांधा. दोन्हींच्या मधे लांबट दुव्यांची आखूड साखळी, साखळीच्या मध्यावर भोवरकडी (स्वतःभोवती फिरणारी कडी). प्रत्येक कड्याला अंगठ्याएवढं नळीसारखं कुलूप, नळीच्या टोकाला गोल भोक. एक कडं उघडं आहे, दुसरं बंद. किल्ली अर्थातच नाही. आतला घेर २१ सेंमी, सगळ्याचं मिळून वजन १ किलो १८० ग्रॅम.

प्रश्न तीन: खरी आहे का, गंज कसा काढू, आणि किल्ली करता येईल का. चौथा घरातून आलाय: "हे असलं कशाला आणलंस?" त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

कडीकोयंडा | सोमवार, रात्री ११.३०

आधी हात मागे घ्या. तारेचा ब्रश, ॲसिड, पॉलिश पेपर यातलं काहीही लावू नका. गंजाला जे सांगायचंय ते सांगून होऊ दे, मग त्याला काढू.

फोटो बरे आहेत पण लांबून काढलेत. भिंग घेऊन बसा आणि मी सांगतो ते बघा.

पहिलं, लोखंड कुठल्या जातीचं. जुनं घडीव लोखंड गंजलं की लाकडासारखे उभे तंतू दिसायला लागतात. त्यात मळी राहिलेली असते आणि ठोकून ठोकून ती धाग्यासारखी लांबते, म्हणून. १८५६ मध्ये बेसेमरची पद्धत आली, पोलाद स्वस्त होत गेलं आणि घडीव लोखंड मागे पडलं. पोलादाच्या गंजाला खड्डे पडतात, तंतू नाहीत. तंतू दिसले म्हणजे काम जुनंच, असं मात्र धरू नका. जुन्या लोखंडातून नवी वस्तू घडवणाऱ्याला कोण अडवणार?

दुसरं, सांधे. लोहार दुव्याची दोन टोकं तापवून, एकमेकांवर चढवून ठोकतो, तिथे दुवा थोडा जाड आणि चपटा होतो. विजेच्या वेल्डिंगचा सांधा थेंबांच्या ओळीसारखा दिसतो. कानशीने घासला असेल तर तेवढी जागा संशय यावा इतकी गुळगुळीत असते. नळीचं कुलूप असेल तर लांबीच्या शिवणीत पिवळी रेघ दिसते का बघा. पितळेने झाळलेलं असेल तर दिसेल.

तिसरं आणि माझ्या मते खरं बघण्यासारखं, झीज. दुवा दुव्याला टेकतो तिथे, भोवरकडीच्या मानेत, बिजागरीच्या खिळ्यापाशी. मिठाच्या पाण्यात महिनाभर बुडवून शंभर वर्षांचा गंज चढवता येतो, पण शंभर वर्षांची वापरून झालेली झीज चढवता येत नाही. बनावट मालात गंज सगळीकडे एकसारखा असतो आणि दुवे आतून नवेकोरे.

कड्यांच्या आतल्या बाजूचे जवळून फोटो टाका. बाहेरून सगळेच फोटो काढतात.

वाचनमात्र | मंगळवार, सकाळी ७.०५

वाचतोय. (तिसरा फोटो मोबाइलवर आडवा दिसतोय.)

सातवी किल्ली | मंगळवार, दुपारी १.१६

माझं उलटं आहे. कुलपं तीनच, हातकड्या नऊ. पायातल्या बेड्यांबद्दल कडीकोयंडा यांना जास्त कळतं, मी फक्त कुलपाबद्दल बोलते.

नळी आणि टोकाला गोल भोक म्हणजे बहुतेक पेचाची किल्ली. आत स्प्रिंगवर बसलेला बोल्ट असतो. कडं दाबलं की तो आपोआप अडकतो, आणि किल्ली आट्यांवर फिरवत नेली की स्प्रिंगच्या विरुद्ध मागे ओढला जातो. इंग्लंडच्या डार्बी हातकड्या याच तत्त्वावर चालतात. त्यांचा घेर ठरलेला असायचा, त्यामुळे जाड मनगटाला बसत नसत आणि बारीक मनगटातून निघून येत. १८६२ मध्ये अमेरिकेत ॲडम्सने दात्यांच्या पट्टीची, घेर कमी-जास्त होणारी हातकडी आणली तेव्हा ही अडचण गेली, पण नवी आली. दाते एकाच दिशेने सरकतात, म्हणजे धडपड केली की कडी आणखी आवळते आणि हात सुजतो. म्हणून टॉवर नावाच्या माणसाने १८७९ मध्ये दुहेरी कुलूप काढलं: एकदा बसवलं की पट्टी पुढेही जात नाही, मागेही येत नाही. आज पोलिसांकडे दिसते ती झुलत्या पट्टीची हातकडी कार्नीच्या १९१२ च्या पेटंटवरून आली. एका हाताने, मनगटावर नुसती आपटून लावता येते.

आता स्वतःची फजिती सांगते, म्हणजे तुम्ही तरी करणार नाही. पहिली डार्बी घरी आली तेव्हा मला राहवलं नाही. घातली मनगटात, खटका वाजला, काय तो आनंद! मग किल्ली लावली. किल्लीचे आटे झिजलेले. दोन फेरे धरायची आणि सुटायची. दोन फेरे, सुटली. पावणेदोन तास हेच. शेवटी भावाने किल्लीच्या पोकळीत कागदाची बारीक पट्टी सरकवली, तेवढ्याने आटे धरले आणि बोल्ट मागे आला. रात्री हातकड्यांतून सुटण्याचे खेळ करणाऱ्या जादूगार हुडिनीचं हातकड्यांवरचं छोटं पुस्तक उघडलं तर त्यात लिहिलेलं, की असल्या स्प्रिंगच्या हातकड्या नेमक्या जागी आपटल्या तरी उघडतात, आणि त्यासाठी गुडघ्यापाशी कपड्यांखाली शिशाची पट्टी बांधावी! आधी वाचायला हवं होतं.

तेव्हा, खटका, किल्ली हातात येऊन दहा वेळा लागून-उघडून झाल्याशिवाय स्वतःच्या पायात घालून बघू नका. आणि हो, माझ्या घोट्याच्या वर टेपने २१.५ भरतात. तुमची बेडी मलाही बसत नाही.

खटका | मंगळवार, दुपारी १.५८

ताई, खरं सांगतो, काल रात्री घालूनच बघणार होतो. किल्ली नव्हती म्हणून वाचलो.

पाटीपेन्सिल | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

माफ करा, रंगाचा बेरंग करतोय. कुलपं जमवणं समजू शकतो. ती कुणाच्या तरी दारावर होती, आत धान्य किंवा दागिने. बेडी कुणाच्या तरी पायात होती. ती भिंतीवर टांगून पाहुण्यांना 'अतिदुर्मीळ' म्हणून दाखवायची? हुडिनीच्या गोष्टी छान आहेत, पण तो पैसे घेऊन आत जायचा आणि बाहेर यायचा.

अडसर | मंगळवार, रात्री ९.०४

पाटीपेन्सिल, बेरंग वगैरे काही नाही, हा प्रश्न यायलाच हवा होता.

माझं मत असं आहे. १७८७ मध्ये थॉमस क्लार्कसन हा गुलामगिरीचा इंग्रज विरोधक गुलामांच्या व्यापाराची माहिती गोळा करत लिव्हरपूलला गेला. तिथे त्याने दुकानातून हातापायांच्या बेड्या, अंगठे चिरडायचा पेच, आणि जेवायला नकार देणाऱ्याचं तोंड उघडायचं अवजार विकत घेतलं. उघड्यावर विकायला होतं हे सगळं. मग या वस्तू तो लोकांपुढे मांडायचा. कागदावर 'बंदिस्त वाहतूक' वाचणं वेगळं आणि ते लोखंड हातात घेणं वेगळं. 'हेन्रिएटा मारी' नावाचं गुलामांचं जहाज १७०० मध्ये फ्लोरिडाजवळ बुडालं. १९७२ मध्ये सापडलेल्या त्याच्या अवशेषांत बेड्यांच्या ८० हून जास्त जोड्या निघाल्या. हे आकडे मी एरवी विसरलो असतो, बेड्यांमुळे लक्षात राहिले.

दुसरं उदाहरण तुरुंगाचंही नाही. लंडनच्या बेथलेम या वेड्यांच्या इस्पितळात १८१४ मध्ये जेम्स नॉरिस नावाचा रुग्ण सापडला. मान, खांदे, कंबर सगळं लोखंडी पट्ट्यांत, आणि पट्टे भिंतीजवळच्या खांबाला जखडलेले. दहा वर्षांच्या आसपास तो तसा होता. त्याचं चित्र छापून आलं, पुढच्याच वर्षी संसदेची चौकशी समिती बसली. १८३९ मध्ये हॅनवेलच्या इस्पितळात जॉन कॉनोलीने पट्टे-साखळ्या साफ बंद केल्या. म्हणजे वस्तू आणि तिचं चित्र जपलं गेलं, त्याचा उपयोग झाला.

पण भिंतीवर टांगण्याला माझाही विरोध आहे. माझ्याकडची एकमेव बेडी कपाटात, चिठ्ठीसकट आहे. चिठ्ठीत काय माहीत आहे ते, आणि त्याखाली काय माहीत नाही ते. खालची यादी लांब आहे.

अवांतर: आपण 'बेड्या ठोकल्या' म्हणतो त्यातलं ठोकणं खरं होतं. पायातल्या कितीतरी बेड्यांना कुलूपच नसे. लोहार ऐरणीवर पाय ठेवायला लावून रिव्हेट ठोकायचा, आणि सोडवायचं झालं की छिन्नीने तोडायचा. कुलपाची बेडी म्हणजे वरचेवर उघडायची बेडी. हे तुमच्या वस्तूबद्दलही काहीतरी सांगतं, खटका.

कडीकोयंडा | मंगळवार, रात्री ९.४७

अडसर यांच्याशी सहमत. एक भर घालतो. 'गुलामांची बेडी' म्हणून विकलं जाणारं काहीही मी घेत नाही, कागदपत्रं असल्याशिवाय. मागणी आहे म्हणून बनावट माल बनतो, आणि बनावट माल खऱ्या माणसांच्या हालांवर पैसे कमावतो.

आणि लोकांना भयंकर वस्तू आवडतात हे जुनंच आहे. माणसाला आत कोंडायची खिळ्यांची ती पेटी, 'लोखंडी कुमारिका', घ्या. मध्ययुगात तसलं काही वापरात असल्याचा पुरावा नाही. १७९३ मध्ये झीबेनकेस नावाच्या जर्मन लेखकाने गोष्ट लिहिली आणि १९ व्या शतकात सुटे भाग जुळवून पेट्या तयार झाल्या. बाईच्या कमरेला कुलपाने लावायच्या लोखंडी शीलपट्ट्यांचंही तेच. १४०५ च्या एका युद्धतंत्राच्या हस्तलिखितात चित्र आहे खरं, पण त्यात थट्टेच्याही गोष्टी आहेत. संग्रहालयांतले बहुतेक नमुने १८ व्या-१९ व्या शतकातले ठरले. आधी गोष्ट तयार होते, मग तिला साजेसं लोखंड.

तुमच्या लिलाववाल्याने गोष्ट आयती लावून दिली आहे. आतले फोटो कुठे आहेत?

आगंतुक | बुधवार, सकाळी १०.११

भाबडा प्रश्न: किल्ली नाही, दार नाही, तर नुसतं कुलूप ठेवून मिळतं काय?

अडसर | बुधवार, सकाळी ११.३५

आगंतुक, मालकाला नेमकी कशाची भीती होती ते कळतं.

बर्मिंगहॅमच्या जॉन विल्क्सचं १६८० च्या सुमाराचं एक कुलूप आहे. पितळी पाट्यावर टोपीवाला माणूस कोरलेला. बटण दाबलं की त्याचा पाय वर उडतो आणि पायाखाली लपलेलं किल्लीचं भोक दिसतं. टोपी वाकडी केली की खिट्टी सुटते. त्याच्या हातातली काठी एका तबकडीकडे रोखलेली असते आणि किल्ली फिरली की तबकडी एक आकडा पुढे जाते, १०० पर्यंत. म्हणजे याला चोराची भीती नव्हतीच. ज्याच्याकडे किल्ली दिली आहे त्याच्यावरच विश्वास नव्हता!

चब या इंग्रज कुलूपवाल्याचं १८१८ चं कुलूप आणखी चलाख. चुकीच्या किल्लीने आतली एखादी पट्टी जास्त उचलली गेली की ती वरच अडकते, आणि मालकाला कळतं की कुणीतरी हात मारून गेलंय. पोर्ट्समथला तुरुंग म्हणून वापरलेल्या जहाजावर एक कैदी होता, पेशाने कुलूपवाला. हे कुलूप उघडलंस तर सुटका, असं त्याला सांगितलं. दोन-तीन महिने झटला आणि हरला. पायातली बेडी सुटावी म्हणून दुसऱ्याचं कुलूप उघडणारा माणूस. पाटीपेन्सिल, हा तुमच्यासाठी.

पुढे १८५१ मध्ये हॉब्स नावाच्या अमेरिकी कुलूपवाल्याने चबचं कुलूप २५ मिनिटांत उघडलं. लंडनच्या ब्रामा या कुलूपवाल्याचं कुलूप १७९० पासून दुकानाच्या खिडकीत होतं, उघडणाऱ्याला २०० गिनी अशी पाटी लावून. तेही त्याने उघडलं, पण १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. मला यात हॉब्सपेक्षा ब्रामाचंच कौतुक वाटतं. एकसष्ट वर्षं पाटी खाली आली नाही.

खटका | गुरुवार, रात्री ८.५०

उशीर झाला, माफी. आतले फोटो टाकलेत. कडीकोयंडा, आपण म्हणालात ते सगळं बघितलं.

तंतू आहेत. सांधे ठोकलेले. भोवरकडीची मान एका बाजूने जवळजवळ अर्धी झिजली आहे. साखळीचे मधले दुवे खालच्या अंगाने जास्त झिजलेत, जणू जमिनीवर फरफटल्यासारखे.

कड्यांच्या आत जे सापडलं ते मात्र कळत नाहीये. दोन्ही कड्यांच्या कडा बाहेर वळवलेल्या आहेत, आत टोचू नयेत अशा. आणि काठाला बारीक भोकांची ओळ, प्रत्येक कड्याला बारा. एका भोकात रिव्हेटचं डोकं आणि त्याखाली चामड्याचा नखाएवढा काळा तुकडा. चिमट्याने उचलला तर त्याच्या मागे केस चिकटलेले. आखूड, जाड, तांबूस. भिंगातून बघितले, माणसाच्या केसांपेक्षा दुप्पट तरी जाड वाटतात.

कैद्याच्या बेडीला चामड्याचं अस्तर? इतकी काळजी?

रिकीब | गुरुवार, रात्री ९.२२

पहिल्यांदाच लिहितोय या विभागात. एरवी मी घोड्यांच्या धाग्यांवर असतो, आज शीर्षक बघून आलो.

अहो, हा पायबंद आहे.

आपण उठसूट 'पायबंद घातला' म्हणतो, तो हा. घोडा चरायला सोडताना पुढचे दोन्ही पाय बांधायचे, म्हणजे तो टुकूटुकू चालतो, चरतो, पण उधळत नाही. साधा पायबंद दोराचा किंवा चामड्याचा. लोखंडी, कुलपाचा पायबंद घोडा पळून जाऊ नये म्हणून नसतो, कुणी पळवून नेऊ नये म्हणून असतो. रात्री माळावर घोडे सोडायची पद्धत होती तिथे, रशियात, पूर्व युरोपात, असे पुष्कळ होते. दोर सुरीने कापता येतो, हा कापायचा तर छिन्नी-हातोडा पाहिजे आणि त्याचा आवाज गावभर जातो.

खुराच्या वरचा भाग बारीक असतो, तिथला घेर १९-२० सेंमी. अस्तर लावलं की तुमचे २१ बरोबर बसतात. अस्तर नसेल तर दोन दिवसांत जखम आणि घोडा लंगडा. कैद्याची काळजी कुणी केली असेल-नसेल, घोड्याची करावीच लागायची.

फरफटीची झीज म्हणालात, तीही जुळते. चरताना साखळी जमिनीला लागते. माणूस पायातली साखळी दोरीने कमरेला उचलून धरतो.

कडीकोयंडा | गुरुवार, रात्री ९.४०

टोपी काढली, रिकीब. माझ्या डोक्यात घेरावरून 'बारीक पायाचा कैदी' चाललं होतं. माप जुळलं म्हणून वस्तू जुळते असं नाही, हे मी दुसऱ्यांना सांगत असतो.

सातवी किल्ली | गुरुवार, रात्री ९.४४

घोडा!!! आणि मी घोट्याला टेप लावून बसले होते.

पाटीपेन्सिल | गुरुवार, रात्री १०.३०

मनापासून बरं वाटलं. (घोड्यालाही विचारायला हवं म्हणा.)

खटका | शुक्रवार, सकाळी ६.५५

रात्रभर झोप नाही. खरं सांगायचं तर पहिली पाच मिनिटं हिरमोड झाला. कैदी गेला, घोडा आला. मग लक्षात आलं की मी कुलपं जमवतो आणि हे तर पूर्णपणे कुलूपच आहे.

किल्लीचं मार्गदर्शन करा आता. उघड्या कड्याच्या नळीत टॉर्च मारला तर बोल्टच्या टोकाला आटे दिसतात, आतल्या बाजूने. म्हणजे किल्ली स्क्रूसारखी असणार.

कडीकोयंडा | शुक्रवार, सकाळी ८.३०

उत्तम. बंद नळीला हात लावू नका, उघडीतून माप घ्या. आधी दोन दिवस पातळ तेल सोडून ठेवा, मग इयरबडने भोक पुसून कोरडं करा. काडीवर मऊ मेण गुंडाळा, आत दाबा, सरळ न ओढता फिरवत बाहेर काढा. मेणावर आट्यांचा ठसा येईल. एका सेंटिमीटरमध्ये किती आटे बसतात मोजा.

बाजारातला तयार स्क्रू बसेल ही आशा सोडा. व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने आट्यांचं एक माप सुचवलं ते १८४१ मध्ये, आणि गावच्या लोहाराला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याने आपल्या डायने पाडलेले आटे. लेथवर करून घ्या, पितळेची करा. पितळ मऊ, अडलं तर किल्ली झिजेल, आतले जुने आटे वाचतील.

गंजाचं: सुटा होणारा तेवढा मऊ ब्रशने झटका, बाकी तसाच ठेवा आणि वरून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. विजेवर गंज काढायची हौस आलीच, तर यावर नको, एखाद्या फुटकळ कुलपावर करा, आणि दुसऱ्या तारेला स्टेनलेस स्टील अजिबात लावू नका. त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. केस आणि चामडं कागदाच्या पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या नको, दमट होईल.

वाचनमात्र | शुक्रवार, सकाळी ८.४१

वाचनखूण साठवली.

खटका | पुढचा रविवार, दुपारी ४.१०

उघडलं!

मेणाचा ठसा तिसऱ्या खेपेला नीट आला. लेथवाल्याने "हे कसलं माप?" म्हणत का होईना, करून दिली. उघड्या कड्यात वीस वेळा फिरवून बघितली, मग बंद कड्यात लावली. चार फेरे हलकी गेली, पाचव्याला जड झाली. तिथे थांबलो, तेल सोडलं, रात्रभर ठेवलं. आज सकाळी पाचवा फेरा, सहावा, आणि आतून कोरडा 'टक'. कडं बिजागरीवर आपोआप दोन बोटं उघडलं. स्प्रिंगमध्ये अजून जीव आहे.

बंद कड्यात अस्तर बरंचसं शाबूत होतं. पायाच्या बाजूने काळं, गुळगुळीत, पाट्यासारखं. एका ठिकाणी जाड दोऱ्याने घातलेले पाच टाके. फाटल्यावर कुणीतरी शिवलेलं.

चिठ्ठी लिहिली: 'घोड्याचा पायबंद, दोन पेची कुलपं. किल्ली नवी.' त्याखाली अडसर यांच्यासारखी दुसरी यादी: कुठला, कधीचा, कुणाचा. क्रमांक ४६ दिला, आधीची ४१ आणि गठ्ठ्यातली चार धरून. लिलाववाल्यालाही कळवलं. त्याचं उत्तर आलं, "घोड्याचा लिहिला तर कोण घेणार?"

त्या गठ्ठ्यातलं दुसरं कुलूप आता हातात घेतलंय. पेटीचं आहे, झाकणात बसवायचं, सात बोल्ट. दर्शनी पत्र्यावर किल्लीचं भोक आहे पण त्याच्या मागे काहीच नाही, नुसती भिंत.

अडसर | पुढचा रविवार, दुपारी ४.२५

समोरचं भोक चोरासाठी आहे. खरं झाकणाच्या मधोमध, वरून असणार. झाकणाच्या पत्र्यावरचे खिळे एकेक करून बाजूला सरकवून बघा. एखाद्याचं फक्त डोकंच असेल.

खटका | पुढचा रविवार, दुपारी ४.५२

डावीकडून चौथा.